वर्ड, पीडीएफ, पीपीटीमधून मूळ फोटो कसे काढायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या शाळा, मंडळं, पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या यांच्या स्मरणिका आणि वार्षिक अहवालांची पानं लावण्याचं काम मी करते. मजकूर वेळेवर येतो, घोडं अडतं ते फोटोंपाशी. फोटो असतात, पण वर्डमध्ये चिकटवलेले किंवा जुन्या पीडीएफमध्ये अडकलेले. मग कुणीतरी स्क्रीनशॉट काढून पाठवतं आणि छापून आल्यावर संस्थापकांचा चेहरा ओळखू येत नाही. बहुतेक वेळा चांगला फोटो त्याच फाइलमध्ये असतो, नीट बाहेर काढायचा राहिलेला असतो. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. स्क्रीनशॉट काढला तर काय बिघडतं? फोटो तर तोच दिसतो ना?

स्क्रीनवर तोच दिसतो, कागदावर नाही. स्क्रीनशॉटमध्ये फोटोचे नव्हे, तुमच्या स्क्रीनचे पिक्सेल येतात. साध्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ पिक्सेल रुंद असते. त्यात वर्डचं पान अर्धी जागा घेतं आणि पानातला फोटो जेमतेम ५०० पिक्सेलचा उरतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे तो फोटो पावणेदोन इंचापुरता कामाचा. त्याच फाइलच्या पोटात ४००० पिक्सेलचा मूळ फोटो असेल, तर तो तेरा इंचांपर्यंत स्वच्छ छापून येतो.

१९६९ च्या गोदावरीच्या महापुराचे फोटो अनेक घरांत आहेत. नीट स्कॅन केलेल्या फोटोत पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलंय, काठावर कोण उभं आहे, हे दिसतं. त्याच फोटोच्या स्क्रीनशॉटमध्ये माणसांच्या जागी ठिपके उरतात. असा फोटो पुन्हा काढता येणार नाही, म्हणून हा आग्रह.

२. वर्डच्या फाइलमधले सगळे फोटो एकदम कसे काढायचे?

शेवटी डॉक्सएक्स असलेली वर्डची फाइल म्हणजे एक गाठोडं असतं. मजकूर, अक्षरांची मांडणी, फोटो, सगळं वेगवेगळ्या फाइलींत ठेवून झिपमध्ये बांधलेलं. वर्ड २००७ पासून हीच पद्धत आहे. त्यामुळे झिप उघडता आली की फोटो मिळाले.

आधी फाइलची कॉपी करा, मूळ फाइलला हात लावू नका. विंडोजमध्ये फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा, म्हणजे नावाच्या शेवटचं डॉक्सएक्स दिसेल. कॉपीचं नाव बदलताना ते खोडून तिथे झिप लिहा. विंडोज इशारा देईल, ‘यस’ म्हणा. आता ती झिप उघडा, आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत ‘मीडिया’. सगळे फोटो तिथे आहेत. सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर नावही बदलावं लागत नाही. राइट क्लिक करून ते अर्काइव्ह म्हणून उघडतं.

मीडिया फोल्डर उघडल्यावर यादी ‘डिटेल्स’मध्ये बघा आणि साइझनुसार लावा. वर दोन-तीन एमबीच्या जेपेग येतील, ते खरे फोटो. खाली चार-पाच केबीच्या पीएनजी असतील, त्या बहुधा बुलेट, रेघा, फोनचं चिन्ह वगैरे. काही फाइलींचं एक्स्टेन्शन ईएमएफ किंवा डब्ल्यूएमएफ असेल, त्यांच्यासाठी प्रश्न ११ पाहा. एकच लोगो प्रत्येक पानावर असला तरी तो सहसा एकदाच सापडतो, कारण वर्ड तोच पुन्हा पुन्हा वापरतं. यादीत पन्नासऐवजी अठ्ठेचाळीस दिसले म्हणून लगेच घाबरू नका.

३. पीपीटी, एक्सेल, लिबरऑफिस यांचं काय?

पद्धत तीच, फोल्डरचं नाव वेगळं. पीपीटीएक्समध्ये ‘पीपीटी’ फोल्डरच्या आत मीडिया, आणि तिथे व्हिडिओ-ऑडिओही सापडतात. एक्सएलएसएक्समध्ये ‘एक्सएल’च्या आत मीडिया. लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलमध्ये ‘पिक्चर्स’. ईपब पुस्तकसुद्धा झिपच असतं. जुनी डॉक किंवा पीपीटी असेल, शेवटी एक्स नसलेली, तर ती झिप नाही. ती वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये उघडून आधी नव्या प्रकारात सेव्ह करा.

४. राइट क्लिक करून ‘सेव्ह अ‍ॅज पिक्चर’ केलं तर चालत नाही का?

एक-दोन फोटो हवे असतील तर करून बघा. पण वर्डच्या काही आवृत्त्या फोटो पानावर जेवढा दिसतो तेवढाच सेव्ह करतात. मूळ ३००० पिक्सेलचा असून हातात ६०० चा येतो आणि ते लक्षातही येत नाही. सेव्ह झालेल्या फोटोचे पिक्सेल तपासा आणि शंका आली तर प्रश्न २ ची पद्धत वापरा.

५. मीडिया फोल्डरमध्ये फोटो मिळाले, पण कुठला कोणाचा तेच कळत नाही. नावं कुठे गेली?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फोटो वर्डमध्ये टाकला की त्याचं मूळ नाव जातं. आत तो इमेज१, इमेज२ असा राहतो. हे आकडे बहुतेकदा पानांच्या क्रमाने लागतात, पण तसा नियम नाही. मधले फोटो बदलले, पुढे-मागे केले की क्रम बिघडतो. कुठला फोटो कुठे बसतो याची नोंद दोन एक्सएमएल फाइलींत मिळून असते : ‘वर्ड’ फोल्डरमधली ‘डॉक्युमेंट’ आणि तिथल्याच ‘रेल्स’ नावाच्या उपफोल्डरातली. त्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात, पण दोनशे फोटोंसाठी डोळे थकतात.

मी असं करते : मूळ वर्ड फाइल एका बाजूला उघडी, मीडिया फोल्डर मोठ्या थंबनेलमध्ये दुसऱ्या बाजूला. पानावर फोटो दिसला की लगेच त्या फाइलला नाव देते. त्यात पान क्रमांक, प्रसंग, साल आणि डावीकडून उजवीकडे माणसांची नावं, जशी फोटोखालच्या ओळीत आहेत तशी. फोटोखालची ओळ फोटोबरोबर बाहेर येत नाही, ती वर्डच्या मजकुरात राहते. ती जागेवर उतरवून घेतली नाही तर सुवर्णमहोत्सवाच्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बाई कोण, हे सांगणारं पुढच्या वेळी कुणी असेलच असं नाही.

६. गुगल डॉक्समध्ये फोटो आहेत. तिथे डाउनलोडचं बटणच नाही.

फाइल मेनूत ‘डाउनलोड’ आणि त्यात ‘वेब पेज’ हा झिपवाला पर्याय निवडा. झिपमध्ये ‘इमेजेस’ फोल्डर मिळेल. किंवा डॉक्सएक्स म्हणून डाउनलोड करून प्रश्न २ प्रमाणे जा. दोन्ही करून पाहा, ज्यात फोटो मोठा निघेल तो ठेवा.

७. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, फक्त मोबाइल आहे. जमेल का?

वर्ड आणि पीपीटीचं अँड्रॉइडवर जमतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल आधी डाउनलोड्समध्ये सेव्ह करा, फाइल मॅनेजरमध्ये नाव बदलून शेवटी झिप करा आणि उघडा. पीडीएफसाठी मात्र ओळखीच्या कुणाचा लॅपटॉप तासभर मागून घ्या. मोबाइलवरचे बरेच अ‍ॅप ‘फोटो काढून देतो’ म्हणतात आणि अख्ख्या पानाची जेपेग करून देतात.

८. पीडीएफमधून फोटो कसे काढायचे?

पीडीएफला झिप करून काही मिळत नाही. अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये हा प्रकार आणला तो पान सगळीकडे सारखं दिसावं म्हणून. त्यात मजकूर, फॉन्ट आणि फोटो वेगवेगळ्या वस्तू म्हणून साठवलेले असतात आणि त्या बाहेर काढायला वेगळं साधन लागतं.

तुमच्याकडे अ‍ॅक्रोबॅट प्रो असेल तर त्यात सगळे फोटो एक्स्पोर्ट करायची सोय आहे. ते विकतचं आहे. मोफत हवं असेल तर पॉपलर या संचातलं ‘पीडीएफइमेजेस’ हे साधन घ्या. उबंटूत ते पॉपलर-युटिल्स नावाने बसवता येतं, मॅकवर होमब्र्यू या मोफत साधनातून, आणि विंडोजसाठीही तयार फाइली मिळतात. त्याला खिडकी, बटणं नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, क्रमाने लिहायचं : साधनाचं नाव, मग डॅश आणि ‘ऑल’, मग पीडीएफचं नाव, शेवटी निघणाऱ्या फोटोंच्या नावाची सुरुवात. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये एक-एक मोकळी जागा. ‘ऑल’ विसरू नका. तो दिला की जेपेग जशीच्या तशी जेपेग म्हणून बाहेर येते, पुन्हा दाबली जात नाही. न दिल्यास पीपीएम नावाच्या भल्यामोठ्या फाइली निघतात आणि त्या आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत उघडत नाहीत.

त्याआधी मात्र ‘ऑल’च्या जागी ‘लिस्ट’ लिहून आणि शेवटची फोटोंच्या नावाची सुरुवात गाळून बघा. फोटो काढायच्या आधीच यादी मिळते. समजा एका ओळीत दिसलं : पान १४, रुंदी २४८०, उंची ३५०८, रंग ग्रे, प्रकार जेपेग, इंचाला ३००. याचा अर्थ ए-फोर आकाराचं अख्खं पान ३०० वर काळं-पांढरं स्कॅन केलंय. माल चांगला आहे. पुढच्या ओळीत पान १५, ६४० बाय ४८०, इंचाला ९६ असं असेल, तर साडेसहा इंचांवर ताणलेला हा लहान फोटो आहे आणि यापेक्षा चांगला या पीडीएफमधून कुठल्याही उपायाने निघणार नाही. तेव्हा वेळ न घालवता मूळ फोटो शोधायला लागा. ही यादी वाचायला शिकलात तर निम्मी धावपळ वाचेल.

९. काढलेला फोटो छापायला पुरेल की फुटेल, आधी कसं कळणार?

पिक्सेलला ३०० ने भागा, उत्तर इंचांत येईल. १२०० पिक्सेलचा फोटो चार इंच रुंद छापता येतो. वर्तमानपत्राच्या कागदावर २०० ने भागलं तरी निभावतं. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्यामुळे तिथे कमी चालतं, पण त्यालाही मर्यादा आहे. हाच १२०० पिक्सेलचा फोटो दहा फुटी फ्लेक्सवर पसरला तर इंचाला दहाच पिक्सेल येतात. त्यात डोळा-नाकाच्या जागी चौकोन दिसणार. सॉफ्टवेअरने फोटो मोठा करून पिक्सेल वाढतात, पण गेलेला तपशील परत येत नाही. एआय वापरून चेहरा ‘सुधारला’ तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी होऊ शकतो. दिवंगत माणसांच्या फोटोंना तो प्रयोग मी करत नाही आणि करूही नका अशी विनंती आहे.

१०. वर्डमध्ये मी कॅमेऱ्याचा मोठा फोटो टाकला होता. बाहेर काढल्यावर लहान का निघाला?

कारण वर्डने सेव्ह करताना तो दाबला. बऱ्याच आवृत्त्यांत मर्यादा आपोआप इंचाला २२० पिक्सेल असते. म्हणजे पानावर तीन इंच रुंद ठेवलेल्या फोटोचे ६६० पिक्सेलच उरतात, बाकीचे कायमचे गेले. पुढच्या वेळेसाठी फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, मग ‘इमेज साइझ अँड क्वालिटी’ इथे जाऊन फोटो दाबू नका अशा अर्थाच्या चौकोनात खूण करा. हे फोटो टाकण्याआधी करायचं.

दुसरं कारण व्हॉट्सअ‍ॅप. फोटो म्हणून पाठवलेला फोटो तिथेच दाबला जातो, मग तो वर्डमध्ये गेला काय आणि पीडीएफमध्ये गेला काय. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला फोटो किंवा पीडीएफ मात्र जशीच्या तशी पोचते. स्मरणिकेच्या समितीने पहिल्याच बैठकीत सगळ्यांना एवढं सांगितलं तरी खूप झालं : फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, वेगळे पाठवा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

११. सगळे फोटो निघाले, पण संस्थेचा लोगो निघतच नाही. आलेखही नाहीत.

ते फोटो नाहीतच, म्हणून. चांगल्या पीडीएफमध्ये लोगो रेषा आणि वळणांनी काढलेला असतो, म्हणजे व्हेक्टर. फोटो काढणारं साधन त्याच्याकडे बघत नाही. ही खरं तर चांगली बातमी आहे, कारण असा लोगो व्हिजिटिंग कार्डावर आणि वीस फुटी कमानीवर सारखाच स्वच्छ येतो. ती पीडीएफ मोफत इंकस्केपमध्ये किंवा कोरल ड्रॉमध्ये उघडा, लोगोचे भाग निवडून वेगळे करा आणि एसव्हीजी या व्हेक्टर प्रकारात सेव्ह करा. त्याची जेपेग करू नका.

वर्डमधल्या ईएमएफ आणि डब्ल्यूएमएफ फाइलीही व्हेक्टर असू शकतात. त्या इंकस्केप किंवा लिबरऑफिसमध्ये उघडतात. वर्डमध्येच बनवलेले आलेख ‘चार्ट्स’ फोल्डरमध्ये आकडे आणि सूचना म्हणून असतात, चित्र म्हणून नाही. ते हवे असतील तर फाइलची पीडीएफ करून तिथून व्हेक्टर उचला.

१२. पैठणीचा फोटो काढला तर मागची बाजू काळी आली आणि सोबत एक करडं चित्र आलं. फाइल बिघडली का?

नाही. कॅटलॉगमध्ये साडी किंवा बाटली पार्श्वभूमी काढून ठेवलेली असते. पीडीएफ ही पारदर्शकता फोटोत ठेवत नाही. रंगांचा फोटो वेगळा, आणि कुठला भाग दिसावा, कुठला लपावा हे सांगणारं काळं-पांढरं चित्र वेगळं. त्याला मास्क म्हणतात. प्रश्न ८ मधल्या यादीत तो फोटोच्या लगेच खाली ‘एसमास्क’ या नावाने दिसतो.

दोन्ही जोडणं सोपं आहे. गिंप या फोटोंच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रंगीत फोटो उघडा, लेयरला मास्क जोडा आणि करडं चित्र त्या मास्कमध्ये पेस्ट करा. दोघांचे पिक्सेल वेगळे असतील तर आधी मास्क फोटोच्या आकाराचा करून घ्या. पैठणीच्या पदरावरच्या मोराच्या कडा, गोंड्याचे धागे हे सगळं त्या करड्या चित्रात असतं. ते कचरा समजून डिलीट केलं, तर मग एकेक धागा हाताने कापत बसावं लागतं.

१३. एकाच फोटोच्या तीस-चाळीस पट्ट्या निघाल्या. आता त्या जोडू का?

जोडू नका. काही सॉफ्टवेअर पीडीएफ बनवताना फोटोचे आडवे तुकडे करतात, विशेषतः त्यावर सावली किंवा पारदर्शक रंग असेल तर. अशा वेळी ते पानच चित्र म्हणून काढायचं. पॉपलरमध्येच ‘पीडीएफटूपीपीएम’ आहे, त्याला पान आणि इंचाला किती पिक्सेल हे सांगता येतं. ‘लिस्ट’मध्ये पट्ट्यांसमोर जो आकडा असेल तोच द्या. तिथे ३०० असेल तर ३०० द्या. ६०० दिल्याने फाइल फुगते, फोटो सुधारत नाही. मग त्या पानातून फोटो कापून घ्या. त्यावर मजकूर छापलेला असेल तर तोही सोबत येईल, त्याला इलाज नाही.

१४. जुन्या पुस्तकाचा स्कॅन आहे. चित्र काढलं तर धूसर पार्श्वभूमी वेगळी आणि अक्षरं वेगळी आली.

मुंबई गॅझेटिअरचा १८८३ चा नाशिक खंड किंवा तशा जुन्या पुस्तकांवर काम करणारे हे हमखास विचारतात. साध्या स्कॅनमध्ये अख्खं पान हेच एक चित्र असतं. ते काढायचं आणि त्यातून नकाशा कापायचा, संपलं. पण फाइल लहान व्हावी म्हणून काही ठिकाणी पानाचे थर करतात. कागदाचा रंग आणि चित्रं कमी पिक्सेलमध्ये, अक्षरं जास्त पिक्सेलमध्ये काळी-पांढरी. असा एकेक थर बाहेर काढून काही उपयोग नाही. पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवरचं असेल तर पीडीएफ सोडा आणि तिथल्या डाउनलोडच्या यादीत जेपी२ या चित्रप्रकारातल्या पानांची झिप आहे का बघा. पीडीएफ बनते त्या पानांच्या मोठ्या प्रती त्यात असतात. ही झिप बरीच जड असते, मोबाइल डेटावर उतरवू नका.

१५. फोटो निघाला पण रंग भलतेच, अगदी निगेटिव्हसारखे. का?

छपाईसाठी बनवलेल्या पीडीएफमध्ये फोटो चार शायांच्या रंगांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये असतात. काही व्ह्यूअर ते उलटे वाचतात. फोटोशॉपमध्ये उघडा, बहुतेकदा तिथे बरोबर दिसतो. छापायचा असेल तर तसाच ठेवा. मोबाइल किंवा वेबसाइटसाठी हवा असेल तर स्क्रीनच्या रंगांत, म्हणजे आरजीबीमध्ये, करून घ्या.

१६. फाइलला पासवर्ड आहे. काही जुगाड?

वर्डच्या फाइलला उघडण्याचा पासवर्ड असेल तर ती झिप म्हणून उघडत नाही, कारण आतलं सगळं कुलूपबंद झालेलं असतं. ज्यांनी फाइल दिली त्यांच्याकडून पासवर्ड घ्या, उघडा, पासवर्ड काढून कॉपी सेव्ह करा, मग प्रश्न २. पीडीएफमध्ये दोन प्रकार असतात : एक उघडण्याचा पासवर्ड आणि दुसरा छपाई किंवा कॉपीवर बंधन घालणारा. दुसरं बंधन असेल तर कुणीतरी ठरवून ते घातलंय, त्यांना फोन करून विचारा. संस्थेची स्वतःची फाइल असेल तर ज्याने बनवली त्याच्याकडे बंधन नसलेली प्रत असतेच. पासवर्ड तोडण्याची साधनं मी सांगत नाही.

१७. डिजिटल सातबारा किंवा द्राक्ष निर्यातीच्या प्रमाणपत्रातून सही-शिक्का काढून दुसऱ्या कागदावर लावता येईल का?

नाही, आणि लावूही नये. अधिकाऱ्याची सही किंवा शिक्का दुसऱ्या कागदावर चिकटवणं ही बनावट कागदपत्र बनवण्याची गोष्ट आहे, काम कितीही खरं असो. शिवाय डिजिटल स्वाक्षरी म्हणजे ते दिसणारं चित्र नव्हे. ती फाइलच्या आत गणिताने बांधलेली असते, आणि चित्राबरोबर ती येत नाही.

दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदारांना एवढंच सांगते : पीडीएफ जशी आली तशीच पुढे पाठवा. ती पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली, पानं वेगळी केली किंवा फोटो काढून पाठवली की स्वाक्षरीची तपासणी होत नाही. सातबाऱ्यावरचा पडताळणी क्रमांक त्याच कामासाठी आहे. बागेचा, घडाचा फोटो अहवालातून काढायला मात्र काहीच हरकत नाही. मूळ पीडीएफमध्ये बदल न करता प्रश्न ८ प्रमाणे काढा.

१८. ऑनलाइन वेबसाइटवर फाइल टाकली की लगेच फोटो मिळतात. मग एवढा खटाटोप कशाला?

जाहिरातीचं पत्रक असेल तर खुशाल टाका. पण फाइलमध्ये आधार, पॅन, बँकेचं पासबुक, विद्यार्थ्यांची यादी, वैद्यकीय रिपोर्ट किंवा लग्नाचा बायोडाटा असेल तर टाकू नका. तुम्हाला दोन फोटो हवे असतात, आणि अख्खी फाइल अनोळखी सर्व्हरवर जाते. गुगल डॉक्स आणि इंटरनेट अर्काइव्ह सोडले, तर वर सांगितलेल्या पद्धती इंटरनेट बंद करून चालतात.

१९. काढलेला फोटो आमच्या अंकात वापरायला परवानगी लागते का?

फोटो फाइलमधून निघाला म्हणून तो तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या बदलानंतर फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.  पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो; म्हणून मंडळाने फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतलेले २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो सहसा मंडळाचे. दुसऱ्याच्या पुस्तकातला, वर्तमानपत्रातला, छंदी छायाचित्रकाराचा फोटो असेल तर विचारा आणि नाव छापा. विचारल्यावर लोक क्वचितच नाही म्हणतात, आणि पुष्कळदा तुमच्याकडे आहे त्याहून मोठी प्रत काढून देतात.

२०. बायोडाटात मुलीचा फोटो ग्रुपमधून कापून लावला होता. समोरच्यांना बाकीचे लोक दिसू शकतात का?

हो, दिसू शकतात. वर्डमध्ये क्रॉप केलं की उरलेला भाग फक्त झाकला जातो. फाइल वर्ड म्हणून पाठवली तर प्रश्न २ प्रमाणे कुणीही मीडिया फोल्डर उघडून पूर्ण फोटो बघू शकतं, शेजारच्या मैत्रिणींसकट. मोबाइलने काढलेला फोटो दाबला गेला नसेल तर त्यात तो कुठे काढला ती जागा आणि तारीखही राहिलेली असू शकते. घरात काढला असेल तर घराचा पत्ताच म्हणा.

उपाय सोपा आहे. फोटोवर क्लिक करा, ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ उघडा, कापलेले भाग काढून टाका अशा खुणेवर टिक करा, ‘फक्त या चित्राला’ची खूण काढा आणि सेव्ह करा. त्याहून चांगलं म्हणजे फोटो मोबाइलच्या गॅलरीतच कापून, जागेची माहिती काढून, मग बायोडाटात लावा. हे मुलांच्या बायोडाटालाही तितकंच लागू आहे, आणि शाळेच्या ग्रुप फोटोंनाही.

२१. जुन्या मोजणीच्या नकाशाचा स्कॅन काढला. मूळ कागदावर गट नंबरात ६ आहे, चित्रात ८ दिसतो. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. काळ्या-पांढऱ्या स्कॅनसाठी जेबीआयजी२ नावाची दाबण्याची पद्धत आहे. तिच्या एका प्रकारात सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच नमुना ठेवून तो सगळीकडे वापरला जातो. कागद जुना, शाई पुसट असेल तर ६ च्या जागी ८ चा नमुना बसू शकतो, आणि तो अगदी स्वच्छ दिसतो, त्यामुळे संशयही येत नाही. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रिझेल या संगणकतज्ज्ञाने एका बांधकामाच्या आराखड्याच्या स्कॅनमध्ये खोल्यांची मापं अशी बदललेली दाखवून दिली होती.

पीडीएफइमेजेसच्या ‘लिस्ट’मध्ये ‘एन्क’ या रकान्यात जेबीआयजी२ दिसलं तर त्या चित्रातल्या आकड्यांवर विसंबू नका. अशा प्रत्येक दाबणीत आकडे बदलतातच असं नाही, पण बदलले का हे चित्राकडे बघून सांगता येत नाही. मूळ कागद हाताशी असेल तर तो पुन्हा ग्रेस्केलमध्ये ३०० वर स्कॅन करा आणि जेपेग किंवा टिफ म्हणून ठेवा. गट नंबर, क्षेत्र आणि तारखा एकेक करून मूळ कागदाशी ताडून बघा, शक्यतो दोघांनी मिळून : एकाने कागदावरून वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर.